ती काय, ती आहेच!

जुईनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सातविणीची झाडं आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. दिवाळीच्या आगेमागे मात्र ती अशी काही फुलतात, की संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या की उघड्या टाकायच्या यावरून घराघरांत वाद होतात. कुणाला तो वास गोड वाटतो, कुणाचं त्याने डोकं दुखतं. मला तो आवडत नाही आणि तो आला की खिडकी लावूनही घेववत नाही.

काल तुर्भ्याहून ऑफिस सुटल्यावर येत होते. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि तो वास एकदम अंगावर आला. त्याच वेळी स्टेशनच्या भिंतीलगत लावलेला नवाकोरा फलक दिसला. गाण्याच्या स्पर्धेचं नवं पर्व. हातात माईक घेतलेली कोवळी पोरं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की यांच्यातून कुणाला पुढे न्यायचं ते आता तुम्ही ठरवा. मी तिथेच उतरले, आणि रिक्षा निघून गेली तरी फलकासमोर उभीच होते. मागून येणारा एक माणूस "ओ ताई, साइडला" म्हणाला, तेव्हा हलले.

आई गेली, त्याच्या आधी असंच एक पर्व चालू होतं. नातेवाईक त्या दिवसांना 'आईचं आजारपण' म्हणतात. विजू, माझा धाकटा भाऊ, 'ते वाईट दिवस' म्हणतो. मी मनातल्या मनात त्या दिवसांना रोशन आणि अनुजाचं पर्व म्हणते. मला त्यातलं बाकी सगळं त्या दोघांच्या आडूनच आठवतं.

आईचं हृदय थकलं होतं. आडवं झालं की तिला धाप लागायची, म्हणून तिची खाट आम्ही हॉलमध्ये आणली होती. आम्ही म्हणजे मीच, आणि खाटेचं दुसरं टोक धरायला वॉचमन. पाठीला उशा लावून ती बसलेली असायची आणि समोर टीव्ही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता काही वर्षांची भाषा करू नका. मी मान डोलावली होती आणि येताना दूध, कोथिंबीर आणि तिच्या गोळ्या घेऊन घरी आले होते. दुसरं काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवार-रविवारी संध्याकाळ झाली की आई चष्मा पुसून तयार बसायची. रोशन होता मोऱ्याचा. उरणकडच्या त्या धक्क्यावर त्याच्या वडिलांची होडी होती, हे आम्हाला प्रत्येक भागात न चुकता दाखवलं जायचं. बारकासा, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. आवाजात काहीतरी ओलं होतं, नाही असं नाही. पण घाबरला की त्याचा सूर घसरायचा. दुसऱ्या कडव्यात हमखास शब्द विसरायचा. मग डोळे मिटून नुसताच गुणगुणत राहायचा, परीक्षक पाणावलेल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवायचे आणि निकालाच्या वेळी तो ओक्साबोक्शी रडायचा.

अनुजा होती सोलापूरची. उंच, सावळी, केसांची घट्ट वेणी. तिचा सूर कधी हलला नाही. शब्द कधी चुकले नाहीत. गाणं संपलं की नमस्कार करायची, परीक्षक "उत्तम" म्हणायचे, ती "थँक यू" म्हणायची आणि जागेवर जाऊन बसायची. तिच्या घरी काय दुःख होतं, होतं की नव्हतं, ते आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "घरी सगळे बरे आहेत." एवढ्या उत्तरावर चॅनेलवाले तरी काय दाखवणार?

लोक एकाला सोडून दुसऱ्याला मत का देतात, याचा मी त्या दिवसांत जितका विचार केला तितका खऱ्या निवडणुकीतसुद्धा कधी केला नाही. एक तर ऑफिसात, घरात, जिन्यात, सगळीकडे तोच विषय. आणि दुसरं म्हणजे आईजवळ बसून दुसऱ्या कुठल्या विषयाचा विचार करायची मला भीती वाटायची.

मथुरामावशींचा हिशेब सरळ होता. त्या इथल्या जुन्या गावातल्या, आमच्या बिल्डिंगा उभ्या राहायच्या आधीपासूनच्या. आईची आणि त्यांची मैत्री सुक्या बोंबलांवरून झाली आणि मग बोंबील आईला वर्ज्य झाले तरी टिकली. दर रविवारी त्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसायच्या.

"मोऱ्याला माजे भावजयीचा म्हायेर हाय," त्या सांगायच्या. "आपला पोर सोरून त्या परकीला मी कशाला देऊ? गला चांगला असला म्हनून काय झाला?"

"पण मावशी, तो शब्द विसरतो."

"इसरंल नायतर काय! कवरा बारीक हाय तो. तुला ऊबा केला तिथं तर तू तुजा नावपन इसरशील."

स्टेशनबाहेर रोशनचे बॅनर लागले होते, त्यावर गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे चेहरे रोशनपेक्षा मोठे होते. आपल्या मातीतला आवाज, आपल्या पाण्यातला आवाज, असं काय काय लिहिलेलं. मला त्याचं हसू यायचं. पण सोलापूरला कुणी अनुजाचे बॅनर लावले असतील का, असं वाटून मग बरं नाही वाटायचं.

वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंचं गणित याहून अवघड. काकू स्वतः गाणं शिकलेल्या. दळण घेऊन जाताना जिन्यात भेटल्या की थांबून अनुजाबद्दल भरभरून बोलायच्या. तिचा श्वास, तिची तान, तिचं समेवर येणं. बोट ठेवायला जागा नाही म्हणायच्या. एकदा मी सहज विचारलं, "मग काकू, मत तिलाच ना?"

काकू जराशा ओशाळल्या. "छे गं, मी रोशनला दिलं. गेल्या आठवड्यात जाता जाता वाचला बिचारा. अनुजाचं काय, ती आहेच!"

त्या दळणाचा डबा सावरत वर गेल्या. मी जिन्यात तशीच उभी राहिले. 'ती आहेच' हे शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले होते, की कुणीतरी मला हाकच मारली असं वाटलं.

सुमन आहेच. आम्ही तुर्भ्याला दोन खोल्यांत राहायचो तेव्हापासून हे चालत आलेलं. विजू लहानपणी फार आजारी पडला होता, त्यातून तो उठला, पण आईची त्याच्यावरची नजर काही त्या दुखण्यातून उठली नाही. शाळेतून आणायला बाबांनी विजूकडे जावं, सुमन येईल एकटी, तिला येतं. दहावीला विजूची शिकवणी लावावी, सुमनला काय, ती करते तिचं तिचं. विजूला नोकरी लागेना तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण असायचं, मला लागली तेव्हा आई म्हणाली, "लागणारच होती." ती हे कौतुकाने म्हणाली होती. मी पेढे आणायला गेले, ते वाटलेही मीच.

विजू वाईट नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण अशा गोष्टीत भाऊ वाईट असला की सगळं सोपं होतं. तो हसरा आहे, बोलघेवडा आहे, नाशिकला त्याचा संसार आहे. दर रविवारी आईला फोन करायचा. आई त्याला सांगायची, "विजू, त्या रोशनला मत टाक हां." तो म्हणायचा, "टाकलं गं आई, केव्हाच टाकलं." कार्यक्रमाचं नावही त्याला धड माहीत नव्हतं. पण आई फोन ठेवून समाधानाने हसायची, आणि असं हसू मला माझ्या कुठल्याही कामातून तिच्या चेहऱ्यावर आणता आलं नाही.

आणि साय. आता लिहायला बसले आहे तर साय सुटणार नाही. त्या दोन खोल्यांत रात्री दूध तापायचं आणि सकाळी त्यावर भाकरीएवढी साय धरलेली असायची. आई ती चमच्याने हलकेच गोळा करून विजूच्या वाटीत घालायची, वर साखर. का, तर तो अशक्त. मी पाटावर बसून पाहत असायचे. एकदा आईने विचारलं असावं, तुला हवी का गं. किंवा माझ्या डोळ्यांत तिला काही दिसलं असावं. मी म्हटलं, "मला नाही आवडत साय." कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात ना, ते. पण कोल्हा निदान एकदाच म्हणाला असेल. मला ते पुढे वर्षानुवर्षं म्हणावं लागलं, कारण आईने ते सगळ्यांना सांगितलं. "आमच्या सुमनला साय नाही आवडत, बरंय." सांगता सांगता ते खरंच झालं. चहात साय आली की मला शिसारी यायची, मी आजही चहा गाळणीतून दोनदा गाळते.

मत द्यायचा आईचा सोहळा असायचा. तिचा फोन बटणांचा, तेव्हा मत जायचं ते माझ्या फोनवरून. एका फोनला ठरावीक मतं, ती सगळी आईच्या ताब्यात. कार्यक्रम संपला की ती डोक्यावर पदर घ्यायची. होय, अगदी शाळेतल्या मतदान केंद्रावर जाताना घ्यायची तसा. मग माझा फोन हातात घेऊन त्यावर तळहाताचा आडोसा करायची. माझ्याच फोनवर, माझ्यापासून आडोसा! "मत गुप्त असतं," असं मला बजावायची, आणि कुणाला देतेय ते बोट दाबता दाबता मोठ्याने सांगायची.

पहिल्या वेळी रोशनच्या फोटोवर तिने अंगठा एवढ्या जोरात दाबला की फोटोच मोठा होऊन बसला. मी तो परत बारका करून दिला. तिने पुन्हा दाबलं आणि फोन कानाशी नेला.

"वाजलं नाही."

"काय वाजायचंय?"

"मशीन वाजतं ना गं, पींऽऽ करून. त्याशिवाय मत गेलं कसं कळणार?"

मी तिला समजावलं, की फोन वाजत नाही, हिरवी खूण आली म्हणजे गेलं. तिला पटेना. ती पुन्हा पुन्हा दाबत राहिली. शेवटी मीच तोंडाने म्हटलं, "पींऽऽ." आई क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली आणि मग इतकी हसली, की तिला धाप लागली आणि मला पाठ चोळावी लागली. तेव्हापासून तो नियमच झाला. तिने दाबायचं आणि मी वाजवायचं. घरात आम्ही दोघीच, एक थकलेली आणि एक पन्नाशी उलटलेली, आणि दर आठवड्याला हा पोरकटपणा. ते पींऽऽ करताना मला जेवढं सुख झालं तेवढं त्या दिवसांत दुसऱ्या कशाने झालं नाही.

एकदा मी तिला विचारलं, "आई, खरं सांग, रोशन चांगला गातो की अनुजा?"

"हा काय प्रश्न झाला? अनुजा."

"मग मत रोशनला का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून नोकरी करून हिला एवढंही कळू नये. "अगं, मत म्हणजे काय बक्षीस आहे का? मत म्हणजे टेकू. जी भिंत कलली तिला लावायचा. सरळ उभ्या भिंतीला कुणी टेकू लावतं का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि अजूनही मला ते खोटं वाटत नाही. आपण कुणाला पसंत करतो ते त्याच्या गुणांवरून नाहीच. रोशन गायला उभा राहिला की आमच्या हॉलमध्ये श्वास रोखले जायचे. विसरेल का, पडेल का, रडेल का. मथुरामावशी पदराचं टोक तोंडात धरायच्या. त्याला पार करण्यात आमचाही हात लागायचा, आणि तो वाचला की आम्हीच काहीतरी केलं असं वाटायचं. अनुजा गायची तेव्हा कुणी उठून लघवीला जाऊन यायचं, कुणी फोडणी द्यायला. तिच्या गाण्यात आमची गरजच नव्हती. ज्याला आपली गरज नाही त्याच्यावर माणूस प्रेम करतो की नाही, मला माहीत नाही. त्याला मत मात्र देत नाही, एवढं मी पाहिलं.

सातवीण भरात होती तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी खिडकी उघडी होती, कारण आईला हवा हवी होती, आणि सगळा हॉल त्या जड वासाने भरला होता. निकालाचा भाग होता. धोक्यात असलेल्या दोघांना पुढे बोलावलं, तर एक रोशन आणि दुसरी अनुजा. मथुरामावशी म्हणाल्या, "ही कशी आली हितं?" आई पण पुढे झुकली.

मग ते नेहमीचं लांबवणं. ढोल, अंधार, जाहिरात, पुन्हा ढोल. आणि रोशन वाचला. तो तिथेच गुडघ्यांवर बसून रडायला लागला, त्याची आई प्रेक्षकांतून धावत आली, सगळे त्याच्याभोवती जमले. मथुरामावशींनी बोटं मोडून टीव्हीची दृष्ट काढली.

कॅमेरा जरा बाजूला सरकला तेव्हा अनुजा दिसली. ती रडत नव्हती. तिने अंगावरचा माईक काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तिथल्या माणसाच्या हातात दिली. वादकांना वाकून नमस्कार केला. खुर्चीजवळची आपली पाण्याची बाटली उचलली. दोन शब्द बोल म्हटल्यावर म्हणाली, "सगळ्यांचे आभार. रोशनला शुभेच्छा." आणि गेली. दार कोणत्या बाजूला आहे ते तिला कुणी दाखवावंसुद्धा लागलं नाही.

मी चष्मा काढून ओढणीने पुसला. ती बाटली उचलताना दिसली नसती तर कदाचित पुसला नसता.

मथुरामावशी "चला, पोर वाचला" म्हणत घरी गेल्या. जाहिराती चालू होत्या. आईने टीव्ही बंद करायला सांगितला, जे ती कधी सांगत नसे.

"तिला कुणीच नाही दिलं?" ती म्हणाली.

"दिलं असेल की. कमी पडली."

"मला वाटलं, तिला सगळे देत असतील गं."

मी उशा सारख्या करत होते.

"तू कुणाला देत होतीस?"

"माझी मतं तूच तर देत होतीस, आई."

"पण तुला कोण आवडायचं?"

"अनुजा."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

मी हे रागाने म्हटलं नव्हतं. खरोखरच तसं होतं म्हणून म्हटलं. पण ते शब्द हॉलमध्ये पडले आणि कुणी उचलेना. मग आईने मला विचारलं, "सुमन, तुला कोण देतं गं?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी "आले" म्हणून आत गेले. गॅस बारीक करायला एवढा वेळ लागत नाही, पण मला लागला. ओट्याला टेकून उभी राहिले आणि खूप रडले. डोळे धुऊन बाहेर आले तर ती उशीला मान टेकून झोपल्यासारखी पडली होती. खरंच झोपली होती की मला सोपं जावं म्हणून डोळे मिटले होते, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर खाट रिकामी. आई स्वयंपाकघरात होती. भिंतीला धरत धरत गेली असणार. डॉक्टरांनी तिला बाथरूमपर्यंतसुद्धा एकटीने जाऊ देऊ नका म्हणून बजावलेलं. ओट्याला पोट टेकवून, एका हाताने कट्टा घट्ट धरून ती उभी होती. ओठ निळसर दिसत होते. गॅसवर चहा उतू गेलेला, सगळीकडे ओघळ, बाजूला माझा कप भरून ठेवलेला.

मी ओरडलेच. "काय करतेस तू? मी होते ना, मी केला असता!"

"तूच करतेस रोज," ती म्हणाली. "गप बस जरा."

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. तुपासाठी मी साठवायची ती साय. जाड, पिवळसर. तिने चमचा भरून काढली, त्यातली थोडी ओट्यावर सांडली, आणि उरलेली माझ्या कपात सोडली. वर साखर. मग कप माझ्यापुढे सरकवला.

"आई, मला नाही आवडत साय."

"तुला आवडायची," ती म्हणाली. मग दम खाल्ला. "मला माहीत होतं. तू नको म्हणायचीस ना, ते मला बरं पडायचं."

पाटावर बसलेल्या त्या मुलीला हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. आता तिच्या जागी मी होते, चष्मा लागलेली, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेली, आणि कपात ती साय तरंगत होती.

आईने ओट्यावरचा हात उचलला, एक बोट माझ्या कपाच्या कडेला दाबलं, जोरात, तिच्या त्या नेहमीच्या पद्धतीने. आणि उरलासुरला श्वास गोळा करून म्हणाली, "पींऽऽ."

मी तो चहा प्यायले. गार झाला होता. साय जिभेला चिकटली, टाळूला चिकटली, घशाखाली उतरायला तयार होईना. आई बघत होती. कप रिकामा करून मी ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "मस्त झालाय." मग तिला धरून खाटेपर्यंत आणलं. तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं आणि ते किती कमी झालंय हे मला त्या चालण्यात समजलं.

त्यानंतर रोज सकाळी ती खाटेवर बसूनच हुकूम सोडायची, "सुमनच्या चहात साय घाल." घालायची मीच, प्यायची मीच, पण ती घातली की नाही हे ती मान उंच करून बघायची. मी तिला कधी सांगितलं नाही, की आता खरंच आवडत नाही. काही दिवसांनी शिसारी येईनाशी झाली, आवडायला मात्र लागली नाही. काही गोष्टी ज्या वयात मिळायला हव्यात त्या वयातच मिळाल्या पाहिजेत, असं मला वाटतं. पण उशिरा मिळाल्या म्हणून परत करता येत नाहीत.

रोशनला ती पुढेही मत देत राहिली. "त्यालाही लागतंच की," म्हणायची. मी पींऽऽ करत राहिले.

सातविणीचा बहर सरला, रस्त्यावर फुलांचा हिरवट चुरा पडून राहिला, सकाळी हवेत जरासा गारवा येऊ लागला, आणि एका दुपारी आई बसल्या बसल्याच गेली. विजू आला. खाटेच्या कडेवर डोकं आपटून रडला. सगळे त्याच्याभोवती जमले, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. मी फोन करत होते, चादर शोधत होते, शेजारच्या खुर्च्या मागवत होते. कुणीतरी म्हणालं, विजूकडे बघा जरा, त्याला सांभाळा. सुमन काय, ती खंबीर आहे. ते ऐकून मी आईकडे पाहिलं. त्या गर्दीत एवढं कळणारं माणूस तेवढं एकच होतं.

अंतिम फेरी मी पाहिली नाही. रोशन हरला, हे मथुरामावशींनी दारात उभं राहून सांगितलं. "आपला पोर पडला गो," असं म्हणता म्हणता त्यांची नजर खाटेकडे गेली आणि मग रोशन बाजूला राहिला.

काल घरी आले, दिवा लावला, खिडकी उघडली. खाट आता नाही, तिथे एक वेताची खुर्ची आहे. वास मात्र तसाच आत आला. चहा केला. दोनदा गाळला. मग फोनवर त्या नव्या पर्वाचं पान उघडून बसले. ती सगळी फलकावरची पोरं एकेक करून दिसली. एकाचे वडील नाहीत, एकीचं गाव पुरात गेलं, एकजण बोलताना अडखळतो आणि गाताना अडखळत नाही. त्यांना लोक देतील. द्यावंच. शेवटाकडे एक मुलगी होती, साधी, केस मागे बांधलेले. मी तिचं गाणं लावलं. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. तिच्या माहितीत घरच्या दुःखाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मी डोक्यावरून ओढणी घेतली. तिच्या फोटोवर अंगठा ठेवला आणि दाबला. हिरवी खूण आली.

फोन काही वाजला नाही. मग मीच वाजवलं.